नावाड्याची कॅसेट

चौरंगावर मोठ्या तलवारीला लागून लेकाचा, अनिशचा नारिंगी बेल्ट ठेवलेला दिसला, तेव्हा संयोगिताच्या हातातली झेंडूची परडी कलली आणि दोन-चार फुलं घरंगळत पाटाखाली गेली.

कुणी ठेवला ते विचारायची गरज नव्हती. बेल्टची घडी फेट्याच्या कापडासारखी होती, चार बोटं रुंद, टोक आत दुमडलेलं. असली घडी घरात फक्त आबा घालत. बेल्टवर कुंकवाचं बोट ओढलेलं होतं आणि अक्षताही पडलेल्या होत्या. म्हणजे झालंच.

जगतापांच्या घरात खंडेनवमीला एकदा कुंकू लागलेली वस्तू दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजा होईपर्यंत कुणी हलवत नसे. हत्यारांचा तो विश्रांतीचा दिवस. पूर्वजांनी गायकवाडी फौजेत चालवलेल्या दोन तलवारी, एक कट्यार आणि दांडपट्टा आधी मांडायचा, मग ज्याचं पोट ज्यावर चालतं ते त्याने आणून ठेवायचं. थोरल्या जाऊबाई मंदाताईंची शिवणाची कात्री. दीर विक्रमसिंहभाऊजींच्या स्कूटरची किल्ली, कारण स्कूटर जिन्यावरून वर येत नव्हती. नवऱ्याचं, अविनाशचं रिफायनरीतलं हेल्मेट. गेल्या वर्षी याच दिवशी त्याची ड्यूटी निघाली, तर तो दुसऱ्याचं हेल्मेट मागून घालून गेला आणि दिवसभर ते त्याच्या नाकावर येत राहिलं. संयोगिता टेलिफोन खात्यातला आपला जुना हेडफोन ठेवी. गल्लोगल्ली एसटीडीचे बूथ उघडल्यापासून ट्रंक कॉल लावून द्यायला तिच्याकडे कुणी येत नव्हतं, आणि खात्याने तिला बिलांच्या तक्रारी ऐकायला बसवलं होतं. तरी हेडफोन ती ठेवत असे. वर्षातून एकदा तरी त्याच्याकडे कुणी आदराने बघावं म्हणून.

अनिशचं मात्र काहीच कधी चौरंगावर आलं नव्हतं. वह्या-पुस्तकं सोडून.

आणि आजच दुपारी चार वाजता रावपुऱ्यातल्या एका शाळेच्या सभागृहात अनिशची कराटेची स्पर्धा होती. बेल्टशिवाय तिथे मॅटवर पाऊल टाकू देत नाहीत.

हे घरात सगळ्यांना माहीत होतं. फक्त आबांना नाही.

* * *

स्वयंपाकघरात मंदाताई नैवेद्याचं पुरण वाटत होत्या. संयोगिता दारात उभी राहिली तशा त्या मान न उचलताच म्हणाल्या, "मला काही विचारू नकोस."

"कुंकू तुम्ही दिलंत?"

"आबा स्वतः आतून बेल्ट घेऊन आले गं. म्हणाले, मंदा, जरा कुंकू दे. सासरे हात पुढे करून उभे राहिल्यावर कुंकू नाही देत, असं म्हणू?"

"स्पर्धा आज आहे हे ठाऊक होतं ना तुम्हाला."

"ठाऊक होतं म्हणूनच तोंड उघडता आलं नाही. उघडलं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं." मंदाताईंनी पुरणयंत्राचा दांडा एवढ्या जोरात फिरवला की ओटा हलला. "लपवायचं कुणी ठरवलं होतं? मी नव्हतं ठरवलं."

ठरवलं सगळ्यांनीच होतं, गेल्याच आठवड्यात, याच ओट्याभोवती. खंडेनवमीला हत्यार चालवायचं नसतं, मग अंगाचंच हत्यार करून मारामारी करायला पोराला आबा सोडतील कसे? त्यापेक्षा, अनिश मित्राकडे अभ्यासाला गेलाय, एवढं सांगायचं. आबांना कराटेचा राग होताच. ते उभी हयात दांडिया बाजारातल्या तालमीत मलखांब शिकवत आलेले. त्यांच्या लेखी कराटे म्हणजे 'लाथा झाडणं'. मागच्या दिवाळीत भांडण झालं तेव्हा त्यांनी तो शब्द जेवणाच्या पंगतीत वापरला होता आणि अनिश अर्ध्या ताटावरून उठला होता.

त्याच्याही मागचं एक होतं, ते कुणी बोलत नसे. अनिश लहान असताना आबांनी त्याला मलखांबावर चढवलं होतं. तो घसरला, पडला, गुडघा फुटला. आबांनी त्याला उचलून बाजूला बसवलं आणि जमलेल्या पालकांसमोर म्हणाले, "हा नाही व्हायचा." रागाने नव्हे, भाजीवाल्याने शिळी जुडी वेगळी काढावी तसं. नातू आणि आजोबा तेव्हापासून एकाच घरात राहणाऱ्या दोन सभ्य भाडेकरूंसारखे वागत होते.

"काय झालं?" अविनाश दाढीचा साबण गालावर तसाच ठेवून आला. ऐकल्यावर त्याचा चेहरा मोकळा झाला, ते साबणातूनही दिसलं. "चला. देवीनेच ठरवलं म्हणायचं. तसाही दिवाळीनंतर क्लास बंदच करायचा होता. पुढे दहावी आहे."

"म्हणूनच ही शेवटची आहे," संयोगिता म्हणाली. "तुम्हीच त्याला शब्द दिलात. एक स्पर्धा खेळ, मग बंद."

"मी दिला. आता बेल्टच देवापुढे गेला त्याला मी काय करणार?"

"अरे, एवढं काय त्यात." हा विक्रमसिंहभाऊजींचा आवाज. ते कुठल्याही अडचणीत आनंदाने शिरत. "लहरीपुऱ्यात खेळाचं दुकान आहे ने, मालक ओळखीचा आहे, आज नोमची सुट्टी असली तरी शटर अर्धं उघडेल. नारिंगी बेल्ट, अर्ध्या तासात हाजिर. चालो, मी स्कूटर काढतो." त्यांनी खिसे चाचपले. मग चौरंगाकडे पाहिलं. किल्ली कट्यारीशेजारी कुंकू लावून बसली होती.

"पायी जातो," ते म्हणाले.

"पण आबांना झालंय काय?" संयोगिताने विचारलं. "दोन वर्षं लाथा झाडणं म्हणाले, आणि आज तलवारीशेजारी?"

मंदाताईंनी पुरणयंत्र थांबवलं. पदराने हात पुसले, पुन्हा पुसले.

"कॅसेट," त्या म्हणाल्या.

"कुठली?"

"आणखी कुठली असणार. नावाड्याची."

विक्रमसिंहभाऊजींनी स्टूल ओढलं आणि त्यावर बसले. दुकान, बेल्ट, सगळं विसरून.

नावाड्याच्या कॅसेटला खरं नाव काय होतं ते घरात कुणालाच माहीत नव्हतं. लेबल कधीच निघून गेलं होतं. भाऊजींनी कॉलेज सोडून लहरीपुऱ्यात व्हिडिओ लायब्ररी काढली तेव्हा ती आली, आणि केबल आल्यावर लायब्ररी बुडाली तेव्हा तेवढी एक घरी राहिली. कुठल्याशा पूर्वेकडच्या बंदरातला, लॉन्ड्रीचे गठ्ठे वाहणारा काटकुळा पोरगा. गोदीतले दांडगे त्याला नदीत फेकतात. एक म्हातारा नावाडी त्याला बाहेर काढतो आणि दुसऱ्या दिवसापासून नावेचा दोर हातात देऊन कमरेएवढ्या पाण्यात उभं करतो. बाकी काही नाही. उभं राहायचं, नाव वाहून जाऊ द्यायची नाही. पोरगा पडतो, नाकातोंडात पाणी जातं, नाव जाते, म्हातारा पोहत जाऊन नाव आणतो आणि पुन्हा दोर हातात देतो. अर्धा सिनेमा हेच. हिंदी डबिंग असं, की ओठ आधी थांबायचे आणि वाक्य मागाहून पोचायचं. तरी, 'पहले खड़ा रहना सीख,' हे नावाड्याचं वाक्य घरातली सगळी पोरं एकदा ना एकदा आरशासमोर म्हणून गेली होती.

"भर पितृपक्षात रस्ता खणला, केबल गेली," मंदाताई सांगू लागल्या. "मी दुपारी शेंगा सोलत बसले होते. नुसतं काय सोलायचं, म्हणून लावली. आबा आले. म्हणाले, झोप येत नाही. बसले. नाकं मुरडत होते पहिल्यांदा. हे काय, ते काय, याला कोण मारामारी म्हणेल. मग त्या म्हाताऱ्याने दोर दिला हातात, तसे गप्प झाले."

"मग?"

"मग रोज."

"रोज?" अविनाशचा साबण आता वाळून पांढरा पडला होता.

"तुम्ही ऑफिसात, अनिश शाळेत. संपली की म्हणायचे, मंदा, मागे घे जरा. तो नदीत पहिल्यांदा उभा राहतो तिथपासून. माझ्या शेंगा संपल्या, मग मी तांदूळ निवडले, मग मेथी. मला तरी कुठे उठवत होतं."

विक्रमसिंहभाऊजी हसले नाहीत. संयोगिताला त्याचंच नवल वाटलं.

"वहिनी," ते म्हणाले, "माझ्याकडे मोठमोठ्या हिरोंच्या कॅसेटी यायच्या, आठवडाभर रांग लागायची आणि पुढच्या महिन्यात कुणी हात लावायचं नाही. ही एकच अशी, की दर उन्हाळ्यात नवी पोरं मागायला यायची. घडियाळी पोळातून, मांडवीतून, पार मकरपुऱ्याहून सायकलवर. आणि कसली पोरं यायची माहीत आहे? जाडी. तोतरी. नापास झालेली. क्रिकेटमध्ये शेवटी घेतलेली. दांडग्या पोराने ही कधी नेली नाही."

"त्यांना जिंकायचं असतं," अविनाश म्हणाला. "सिनेमात तरी."

"जिंकतो तो शेवटची पाच मिनिटं. माझी टेप कुठे झिजली आहे बघ. शेवटाला नाही. मधे झिजली आहे, नदीपाशी. पोरं तेच परत परत लावायची." त्यांनी स्टूल पुढे ओढलं. "कुणीतरी म्हातारा आपल्यावर एवढा वेळ घालवतो, हे त्यांना बघायचं असायचं."

कुकरची शिट्टी झाली आणि सगळ्यांनाच बरं वाटलं.

संयोगिताला ती कॅसेट आपल्याला का आवडते ते कधी नीट सांगता आलं नव्हतं. तिला मारामाऱ्या आवडत नसत. डोळे मिटून घ्यायची. पण तो पोरगा हरत असे तेव्हा उघडे ठेवायची. किती वेळ हरायचा तो, आणि किती मन लावून. बाकीच्या सिनेमांत हरणं हे एका गाण्यात उरकतं. तिथे ते राहायला असायचं, घरासारखं, आणि चौदा-पंधरा वर्षांची मुलं त्याच घरात राहत असतात हे आईला कळतं. ती कोणाला म्हणत नाही एवढंच.

अनिश केव्हा येऊन उभा राहिला ते कुणाला कळलं नाही. केस उभे, खांद्यावर कराटेच्या ड्रेसची पिशवी.

"मी सकाळीच पाहिला," तो म्हणाला. "सगळे झोपलेले होते तेव्हा."

"बेटा, मी नवा आणतो," भाऊजी उठले. "तसाच, नारिंगी."

"नको, काका."

"अरे, रंग तोच. कुणाला कळणार?"

"आबांना कळेल. आणि," अनिशने पिशवीचा पट्टा बोटाला गुंडाळला, सोडला, "त्यांनी आज माझा बेल्ट तिथे ठेवलाय, आणि मी दुसरा बांधून मित्राकडे जातो म्हणून सांगू? आजच?"

खोटं बोलायची सोय सगळ्यांनी मिळून केली होती. आबांनी एका घडीत ती काढून घेतली होती, तीही न कळता.

"मग जायचं नाही?" संयोगिताने विचारलं.

"जायचंय," तो म्हणाला. आवाज फाटला. आवाज फुटायचंच वय होतं, पण हे ते नव्हतं.

संयोगिताने कमरेला पदर खोचला.

* * *

आबा पुढच्या खोलीत हिंचक्यावर झोके घेत बसले होते. धनाजीराव जगतापांचा हिंचका थांबला की घरात आवाज बंद होतो असं भाऊजी म्हणत. आत्ता कड्या संथ कुरकुरत होत्या आणि आबा कधी नव्हे ते खुशीत होते.

"पाहिलंस का?" त्यांनी विचारलं. "चौरंग?"

"पाहिला, आबा."

"पोराने काही म्हटलं?"

"आबा, आज चार वाजता त्याची स्पर्धा आहे. रावपुऱ्यात. तुम्हाला सांगितलं नव्हतं."

तिने सगळं एका दमात सांगितलं. ट्रंक कॉलवर वाईट बातमी असली की असंच सांगायची सवय होती तिला, आधी नाव, मग बातमी, मग गप्प. हिंचका हळूहळू मंदावला. पण थांबला नाही.

"कुणाकुणाला माहीत होतं?"

"सगळ्यांना."

"मंदाला?"

"हो."

ते आबांना नको तिथे लागलं आहे हे संयोगिताला दिसलं. मुलांनी लपवलं, सुनेने लपवलं, त्याचं एवढं नव्हतं. मंदा दुपारी त्यांच्याबरोबर बसून तो सिनेमा बघत होती.

"मला म्हाताऱ्याला बाजूला ठेवून तुम्ही घर चालवता तर," आबा म्हणाले. "चालवा. पण देवीपुढचं हलायचं नाही. कुंकू लागलंय. उद्या उत्तरपूजेनंतर घेऊन जा म्हणावं."

"स्पर्धा आज आहे."

"उद्याची नाही, हा माझा दोष?"

"नाही. आमचा आहे. शिक्षा त्याला होते आहे."

"शिक्षा?" आबांचा आवाज चढला नाही, खाली गेला. "मी त्याला तलवारीच्या मांडीला मांडी लावून बसवला. माझ्या मुलांचं काही मी तिथे ठेवलं नाही. आणि तुम्ही शिक्षा म्हणता."

अविनाश दारात आला होता. अर्धी दाढी झालेली. "आबा म्हणतात ते बरोबर आहे, संयोगिता. विषय संपला."

"विषय तुमच्यासाठी दिवाळीपासूनच संपलाय," ती म्हणाली. नवऱ्याला आबांसमोर उलट बोलायची तिची ही पहिली वेळ. तिचं तिलाच ऐकू आलं.

तेवढ्यात मंदाताई आल्या. हातांना पुरण होतं. आबांसमोर त्या सहसा दाराच्या आत येत नसत, उंबऱ्यापाशीच थांबत. आजही थांबल्या, पदर नीट घेतला.

"मी मधे बोलते," त्या म्हणाल्या. "नावाडी नाव देत नाही."

"काय?" अविनाशला काही कळेना.

"शेवटी. त्या पोराला पलीकडे जायचं असतं लढायला, आणि म्हातारा म्हणतो, तयार नाहीस, नाही सोडत. नाव बांधून तिच्यातच बसून राहतो. मग पोरगा पोहत जातो." मंदाताई जमिनीकडे बघून बोलत होत्या, पण थांबत नव्हत्या. "आबा, तुम्ही रोज तिथे टीव्हीला ओरडायचा. परवा तर उठून उभे राहिलात. म्हणालात, अरे सोड की नाव. बसलायस काय धरून, म्हाताऱ्या. पोरगं बुडेल."

हिंचका थांबला.

आबांनी पाय जमिनीला टेकवले होते. रस्त्यावर गरब्याचा मांडव घालणारी माणसं एकमेकांना गुजरातीत शिव्या देत होते, त्या स्पष्ट ऐकू यायला लागल्या.

"अनिश कुठे आहे?" आबांनी विचारलं.

तो भिंतीआडच होता. पुढे आला.

"समोर कोण आहे तुझ्या?"

"भरूचचा आहे. मागच्या वर्षी पहिला आला होता."

"हरशील?"

"हो," अनिश म्हणाला. मग प्रामाणिकपणे विचार करून, "बहुतेक हो."

"मग कशाला जातोस?"

संयोगिताला वाटलं, आता हा गप्प बसेल. नेहमी बसायचा. अनिशने पायाच्या अंगठ्याने फरशीचा सांधा कोरला.

"मलखांबावरून पडलो तेव्हा तुम्ही मला उचलून बाजूला बसवलंत," तो म्हणाला. "मला परत चढायचं होतं. तुम्ही विचारलंच नाही." त्याने मान वर केली. "क्लासमध्ये मी सगळ्यांत जास्त पडतो. पण उठतो. ते घरात कुणी बघितलंच नाही अजून."

आबांनी त्याच्याकडे पाहिलं. चेहऱ्याकडे नाही, गुडघ्याकडे, जिथे तो जुना व्रण होता. मग हिंचक्याची कडी धरून उठले, काठी घेतली आणि मोरीकडे गेले. पुन्हा हातपाय धुतल्याचा आवाज आला. सगळे चौरंगापाशी जमले तोवर ते ओल्या पायांनी आले, देवीला हात जोडले, ओठ हलले. काय म्हणाले ते देवीलाच माहीत.

मग त्यांनी स्वतःच्या हाताने बेल्ट उचलला.

"आबा," अविनाश म्हणाला, "पण कुंकू लागलेलं."

"जागा रिकामी ठेवायची नाही. आमच्या आजोबांना एकदा खंडेनवमीलाच फौजेतून निरोप आला. त्यांनी तलवार उचलली आणि तिच्या जागी आपलं पागोटं ठेवलं. देवीचं काय ते मी बघतो." त्यांनी हातातली काठी आडवी केली आणि तलवारीशेजारी, बेल्ट होता तिथे, ठेवून दिली. मंदाताईंनी न सांगता कुंकवाची वाटी पुढे केली.

"ही गोष्ट मी कधी ऐकली नाही," अविनाश हळूच म्हणाला.

"मीपण नाही," विक्रमसिंहभाऊजी तेवढ्याच हळू म्हणाले. "आता ऐकली ने. बस."

"काठीवाचून तुम्ही चालणार कसे?" संयोगिताने विचारलं.

आबांनी अनिशला जवळ बोलावलं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. वजन टाकून. अनिश जरासा वाकला, मग सरळ झाला.

"चालेल," आबा म्हणाले.

* * *

सभागृहात एवढा आरडाओरडा होता की पंख्यांचाही आवाज येत नव्हता. निळ्या रेक्झिनच्या मॅटवर पंच जपानी आकडे काठियावाडी ठसक्यात ओरडत होते. मंदाताईंना घरी नैवेद्य दाखवायचा होता. तो त्यांनी दाखवला, आणि धापा टाकत मागून आल्या.

अनिशचं नाव पुकारलं. आबांनी त्याच्या खांद्यावरचा हात काढला आणि विक्रमसिंहभाऊजींचं मनगट धरलं.

भरूचचा मुलगा डोकंभर उंच होता आणि चांगला होता. संयोगिताला त्याचा रागही येईना. वाकून नमस्कार झाला, हात उठला, आणि अनिश पाठीवर पडलेला. तिने डोळे मिटले नाहीत. तो उठला. पुन्हा पडला, या वेळी छातीत लाथ बसून, आणि सबंध रांगेतून 'ओ' असा श्वास गेला. एका गुडघ्यावर बसला, तोंड उघडून हवा शोधत. पंच बोटं मोजायला लागले. त्यांची मोजणी पुरी व्हायच्या आत तो उभा होता, आणि बेल्टची गाठ सरळ करत होता.

"बघितलंत?" कुणीतरी ओरडलं. संयोगिताने वळून पाहिलं तर अविनाश खुर्चीवर चढून उभा होता. मागची बाई त्याला गुजरातीत खाली बसा म्हणून सांगत होती आणि त्याला ऐकू येत नव्हतं.

पुढे अनिशचा एक ठोसा लागला. खरोखरचा, पोटात, पंचांनी झेंडा वर केला असा. एक. समोरच्याचे गुण त्याआधीच पुष्कळ झाले होते आणि त्यानंतरही झाले.

भरूचच्या मुलाचा हात उंचावला. दोघं पुन्हा एकमेकांपुढे वाकले.

"संपलं?" आबांनी विचारलं.

"संपलं," संयोगिता म्हणाली.

"एवढ्यात?" ते मॅटकडे बघत राहिले. "दुसऱ्यांदा पडला तेव्हा डावा हात आधी टेकवला त्याने. मग उठला. हे कुणी शिकवलं त्याला?"

"पडून पडून आलं असेल."

"हां," आबा म्हणाले. मग स्वतःशीच, "हाताची पकड कच्ची आहे. उद्यापासून सकाळी उठवा त्याला. नदी नाही आपल्याकडे धड, पण दोर आहे."

संयोगिताने अविनाशकडे पाहिलं. तो खुर्चीवरून उतरून रुमालाने ती पुसत होता. "दहावी आहे," तो म्हणाला, पण त्यात दम नव्हता, आणि पुढे, "शाळेच्या आधी असेल तर चालेल," असं त्याचा तोच म्हणाला.

अनिश आला. एक गाल लाल, कान त्याहून लाल. त्याने बेल्टची गाठ सोडली आणि घडी घालायला लागला, चार बोटं रुंद. जमत नव्हती.

"परत ठेवायचा ना देवीपुढे?" त्याने विचारलं. "तुमची काठी आहे तिथे."

"घरी गेल्यावर. आत्ता बांध."

"ड्रेस बदलतो ना, आबा. सगळा घामाने भिजलाय."

"बदलायचा नाही. बांध, आणि चल."

त्याने बांधला. आबांनी हात खांद्यावर ठेवला, आणि दोघं पुढे निघाले. मागून अविनाश, भाऊजी, मंदाताई, सगळ्यांच्या शेवटी संयोगिता अनिशच्या कपड्यांची पिशवी घेऊन. रावपुऱ्याचा रस्ता उद्याच्या दसऱ्याच्या खरेदीने भरलेला. झेंडूचे ढीग, फाफड्याच्या कढया, गरब्याच्या दिव्यांच्या माळा लावणारी मुलं. त्यातून पांढऱ्या ड्रेसमधला लाल गालाचा मुलगा आणि त्याला धरून चालणारा म्हातारा, माणसं वाट सोडत होती. म्हातारा थकला की मुलगा पाऊल आखडतं घेत होता. कुणी सांगितलं नव्हतं.

दांडिया बाजाराच्या तोंडाशी फरसाणवाल्याने गल्ल्यावरून मान बाहेर काढली. आबांना तो तालमीपासून ओळखत होता.

"दादा, छोकरो जीत्यो के?"

अनिशची पाठ ताठ झाली. मागून संयोगिताला ती दिसली, आणि तिने पिशवी घट्ट धरली.

आबा थांबले. खांद्यावरचा हात त्यांनी काढला नाही.

"लड्यो," ते म्हणाले, आणि चालू लागले. पुढच्या दुकानापाशी पोचल्यावर तिथल्या माणसाने काहीही विचारलं नव्हतं, तरी त्यालाही सांगितलं.